राणीबागेत महाशिवरात्र

गिरणगावात वाढलेल्या माणसाचा प्रवासाचा अनुभव फार आटोपशीर असतो. मे महिन्यात गावी जायचं, गणपतीला गावी जायचं आणि मधल्या काळात गावाहून कुणी आलंच तर त्याला राणीबाग दाखवायची. गेटवे, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट ही ठिकाणं शाळेच्या सहलीची. घरच्या माणसांनी न्यायची जागा एकच, राणीबाग. कारण ती लालबागहून चालत जाण्याच्या अंतरावर होती आणि चालण्याला पैसे पडत नसत. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आमच्या चाळीत सिनेमा बंद झाला, दुधात पाणी वाढलं, पाहुणे यायचे थांबले. राणीबाग मात्र चालू राहिली.

आम्हा पोरांना तिकडे नेण्याचं खातं आत्याकडे होतं. वाघ-सिंह दाखवणं हा तिच्या दृष्टीने दुय्यम भाग. तिची खरी कर्तबगारी तिकीट खिडकीवर दिसायची. खिडकी जवळ आली की ती आमच्या डोक्यावर हात ठेवून खाली दाबायची आणि पुटपुटायची, "गुडघ्यात वाक मेल्या." पाच-सहा पोरं गुडघ्यात वाकून, चेहऱ्यावर जमेल तेवढं बालपण आणून खिडकीपुढून सरकायची. मला मिसरूड फुटेपर्यंत मी राणीबागेत ताठ मानेने शिरलेलो नाही. आत गेल्यावर हत्तीवर बसायचं, माकडांना वेडावायचं, पाणघोड्याने तोंड उघडेपर्यंत काठावर ताटकळायचं आणि भुईमुगाच्या शेंगा फोडत पायी घरी यायचं. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, डोंबिवलीला बिऱ्हाड थाटलं आणि भायखळा हे फास्ट लोकलच्या खिडकीतून मागे पडणारं एक स्टेशन उरलं.

तिथे पुन्हा जायचं ठरवलं ते लेकीने. वर्गातल्या सगळ्यांनी पेंग्विन पाहिले होते आणि ती एकटी मागासलेली राहिली होती. सुट्टी सापडली ती महाशिवरात्रीची, २६ फेब्रुवारी २०२५. वार बुधवार. हे कळताच ठाण्याहून मेहुण्याचा फोन आला. मेहुण्याला मुंबईतल्या प्रत्येक गोष्टीची बंद राहण्याची वेळ पाठ आहे.

"अहो, राणीबाग बुधवारी बंद असते. उगाच पोरांना उन्हात फिरवू नका."

बोलणं खरं होतं. पण पालिकेच्या नियमाला शेपूट आहे. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवतात आणि बुधवारची सुट्टी गुरुवारी घेतात. हे मी त्याला सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "मग आमच्या चिरंजीवांनाही घेऊन जा." अशा रीतीने भाचा पथकात सामील झाला. भाचा अकरा वर्षांचा आहे, सत्यवचनी आहे आणि प्राण्यांबद्दलचं त्याचं सगळं ज्ञान मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आलेलं आहे. या तीन गुणांपैकी दोन आम्हाला पुढे महागात पडणार होते.

राणीबागेला आत्याशिवाय जाणं हा घराण्याचा अपमान ठरला असता. तिला फोन केला. म्हटलं, "आत्या, उपास आहे, ऊन आहे, जमेल का तुला?" आत्याची अठ्ठ्याहत्तरी झाली आहे. ती म्हणाली, "उपास पोटाक आसा, पायांक नाय."

त्या आठवड्यात मुंबईने उन्हाळ्याची वाट पाहायचं सोडून दिलं होतं. फेब्रुवारीतच हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता आणि खात्याचा अंदाज नेमका त्याच दिवशी खरा ठरायचा होता. डोंबिवलीहून सुट्टीच्या दिवशी लोकल रिकामी असेल असं बायकोला वाटलं होतं. डब्यात शिरल्यावर लक्षात आलं की अख्ख्या डोंबिवलीला तसंच वाटलं होतं. शेजारचे गृहस्थ बाबुलनाथला निघाले होते. आम्ही राणीबागेला निघालोय हे ऐकून त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं की बायकोने पर्समधून रुद्राक्षाची माळ काढून मांडीवर ठेवली.

भायखळा स्टेशनात उतरलो आणि थबकलोच. माझ्या लहानपणी हे स्टेशन कळकट होतं आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. आता दगड घासूनपुसून काढलेत, लाकूडकाम नीट केलंय. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हापासूनचं हे ठिकाण. जीर्णोद्धारासाठी २०२२ साली त्याला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. मी हे सगळं मुलांना समजावून सांगत होतो. मागून आलेल्या गर्दीला युनेस्कोचं काही पडलेलं नव्हतं. तिने आम्हाला उचलून पूर्वेच्या रस्त्यावर नेऊन ठेवलं.

फाटकापाशी आत्या आधीच हजर होती. लालबागहून बसने आली होती, रांगेत पुढून चौथा नंबर धरून उभी होती आणि मागच्या तीन कुटुंबांशी तिची ओळख झालेली होती. खिडकीवर दराचा फलक होता: मोठ्यांना ५० रुपये, मुलांना २५, आणि आई-वडील व दोन मुलं अशा चौकोनी कुटुंबाला मिळून १००. मोठ्यांचं तिकीट २०१७ पर्यंत ५ रुपये होतं. पेंग्विन आले आणि त्याला एक शून्य चिकटलं.

"कुटुंब?" खिडकीतून प्रश्न आला.

"हो," बायको म्हणाली आणि आम्हाला ओळीने उभं केलं.

"आणि या आजी?"

"आत्या आहेत यांच्या."

"आत्या कुटुंबात येत नाही."

एवढं वाक्य त्या बिचाऱ्याने सहज उच्चारलं, पण आत्या उभ्या जागी दोन इंच वाढली. "कोण म्हणता नाय येत? ह्येच्या बारशाक ह्येच्या कानात नाव कोणी सांगितल्यान? तुमच्या म्युन्सिपालटीन?"

मागच्या तीन कुटुंबांनी आत्याची बाजू घेतली. त्यांतही दोन आत्या होत्या. खिडकीतला माणूस शांतपणे म्हणाला, "आजी, तुम्ही कुटुंबातच आहात. फक्त तुमचे पन्नास वेगळे." दीडशे रुपये देऊन विषय मिटत होता. इतक्यात भाचा पुढे झाला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "पण मी यांचा मुलगा नाहीये. मी मामाकडे आलोय."

पुढचं मला नीट दिसलं नाही. आत्याचा पदर हलला, भाचा "आई गं" म्हणाला आणि खिडकीतल्या माणसाने तिकिटं पुढे सरकवली. "आई म्हणतोय ना, मग झालं," असं तो म्हणाल्याचं बायको सांगते. एक गोष्ट मला पटली. डोकं दाबण्याची ताकद गेली तरी माणसाकडे चिमटा उरतो.

आत शिरल्या शिरल्या गर्दी एकाच दिशेने वाहत होती. आम्हीही वाहत गेलो. राणीबागेत पेंग्विन आले जुलै २०१६ मध्ये, दक्षिण कोरियातल्या सोलहून, विमानाने. आठ आले, त्यांतला एक काही महिन्यांतच दगावला आणि त्यावरून शहरात एवढा गदारोळ झाला की तेवढा गिरण्या बंद पडल्या तेव्हा झाला असता तर बरं झालं असतं. मार्च २०१७ पासून ते लोकांना पाहता येतात. डोनाल्ड, डेझी, पॉपाय, ऑलिव्ह, मिस्टर मोल्ट अशी त्यांची नावं. नंतर त्यांना इथेच पिल्लं झाली. आमच्या भेटीनंतर, पिल्लं महाराष्ट्रात जन्मली आहेत तर त्यांना मराठी नावं द्या, अशी राजकीय मागणीही झाली. आत्याला हे तेव्हा ठाऊक असतं तर कानात सांगायला ती काचेपलीकडे गेली असती.

रांग लांब होती, पण तक्रार कुणाचीच नव्हती. कारण आत एसी होता. पेंग्विनांसाठी तापमान सोळा ते अठरा अंशांच्या घरात ठेवतात आणि बाहेर त्या दिवशी मुंबई भाजून निघत होती. आत पाऊल ठेवल्यावर लोकांच्या तोंडून जो "आहाहा" निघत होता तो पक्ष्यांसाठी नव्हता. एका कुटुंबाने भिंतीला टेकून बैठकच मारली होती. सुरक्षारक्षक "पुढे चला, पुढे चला" ओरडत होता आणि लोक काचेला नाक लावून, पेंग्विनांच्या अभ्यासात गढून गेल्याचं दाखवत जागीच पाय हलवत होते. एक काका तर पत्नीला सांगत होते, "अजून एकाने तोंड वळवलेलं नाही, ते वळवू दे, मग निघू."

भाचा नाराज होता. "बर्फ कुठाय?" त्याने विचारलं. हे पेंग्विन हम्बोल्ट जातीचे. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहणारे. बर्फाच्या डोंगरावरून पोटावर घसरणारे ते वेगळे. मी हे सांगितल्यावर भाच्याने माझ्याकडे आणि पेंग्विनांकडे एकाच नजरेने पाहिलं: दोघांनीही फसवलं. लेक मात्र खूश होती. पाण्याखालून सुळकन गेलेल्या एका पेंग्विनला तिने हात केला, त्याने वळून पाहिलं, असं तिचं म्हणणं. आत्याने पदर डोक्यावर घेतला आणि निकाल दिला, "गार आसा. पण बसाक बाकडा नाय."

मग वाघ. आमच्या वेळी वाघ गजांच्या पिंजऱ्यात असायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालायचा. दर काही सेकंदांनी दर्शन, खात्रीने. आता तसं नाही. त्याला मोकळं आवार दिलंय, झाडोरा दिलाय, पाणी दिलंय आणि आपल्याला जाड काच दिलीय. २०२० साली औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून वाघाची जोडी आणून बागेतला वाघाचा बराच काळचा रिकामा संसार पुन्हा मांडला गेला. आम्ही पोहोचलो तेव्हा काचेपुढे शंभरेक माणसं उभी होती आणि वाघ नव्हता.

"तो बघा, तो बघा, झाडामागे!"

"शेपटी हलली!"

"अहो, ती फांदी आहे."

एका तरुणाने तपकिरी दगडाचे पुष्कळ फोटो काढले. ते पाठवल्यावर पलीकडून काय उत्तर आलं कुणास ठाऊक, तो निमूट निघून गेला. एका आजोबांनी वाघाला "ए, ए" अशी हाक मारून पाहिली. आत्या वैतागली. "वाघ खंय आसा रे? आमच्या येळचो वाघ असो लपान बसा नाय. पैशे दिलंय म्हटल्यावर समोर येयचो."

तिचं म्हणणं खरं होतं. तो येऊन जाऊन त्याच आठ-दहा पावलांत फिरायचा, कारण दुसरीकडे फिरायला त्याला जागाच नव्हती. आम्ही त्याला रुबाब समजायचो. आताच्या वाघाला न दिसण्याची मुभा आहे. माझ्या दीडशे रुपयांत वाघ दिसला नाही याचं मला वाईट वाटलं, पण वाघाला आमचं तोंड पाहावं लागलं नाही ही सुधारणाच म्हणायची.

मगरीने मात्र आमची लाज राखली. ती उघड्यावर होती, पूर्ण दिसत होती आणि अजिबात हलत नव्हती. "प्लास्टिकची आहे," भाचा म्हणाला. तेवढ्यात तिने एक डोळा उघडून मिटला. भाचा तिथून पुढे बराच वेळ सत्य बोलला नाही.

बागेच्या आवारात दोन मंडळी अशी आहेत की त्यांना पाहायला कुणी तिकीट काढत नाही, पण त्यांची हकिकत कुठल्याही जनावरापेक्षा रंगतदार आहे. एक दगडी हत्ती. घारापुरीच्या बेटावर तो पूर्वी उभा होता आणि त्याच्यामुळेच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना क्रेन गडबडली, हत्तीचे तुकडे झाले आणि विलायत वाचली. तुकडे इथे आणून टाकले गेले आणि १९१४ साली ते पुन्हा जोडून हत्ती उभा केला. आता तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी आहे. दुसरे आहेत सातवे एडवर्ड. काळा घोडा म्हणून मुंबईकर ज्याला ओळखतात तो हा घोड्यावरचा पुतळा. १९६५ साली दक्षिण मुंबईतल्या चौकातून उचलून त्यांना भायखळ्याला पाठवलं. नाव चौकातच राहिलं, घोडा इकडे आला. २०१७ साली तिथे नवा घोडा बसवला, त्यावर स्वार ठेवलेला नाही. मुंबईकर एकदा पोळले होते.

"ह्यो कोण?" आत्याने विचारलं.

"इंग्लंडचा राजा."

"मगे हडे कित्याक?"

"नको झाला म्हणून आणून ठेवला."

आत्याने त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. "कुटुंबात येत नसात," ती म्हणाली.

एव्हाना उपास आणि ऊन या दोघांनी मिळून तिला गाठलं होतं. सावली शोधत आम्ही मुख्य वाटेवरून आत वळलो आणि तिथे मला पहिल्यांदा कळलं की लहानपणी राणीबागेत इतक्या वेळा येऊन मी ती पाहिलीच नव्हती. आम्ही एका पिंजऱ्याकडून दुसऱ्या पिंजऱ्याकडे पळायचो. मध्ये जी सावली लागायची ती कुणाची आहे, हे विचारायला वेळ कुणाला होता?

ही मुळात झाडांची बाग. १८६२ साली उघडली ती वनस्पती उद्यान म्हणून. त्याआधीची अशी बाग शिवडीला होती. ती जागा दफनभूमीला गेली आणि झाडांचं बिऱ्हाड भायखळ्याला आलं. जनावरं नंतरची. आज इथे तीन हजारांहून अधिक झाडं आहेत आणि त्यांतली कित्येक परमुलखातली. आफ्रिकेची गोरखचिंच आहे. तिच्या बुंध्याला मिठी मारायला आमचं पथक कमी पडलं, आत्या कुटुंबात धरूनही. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी आहे. फुलते तेव्हा तिच्या फांद्यांना लाल-गुलाबी फुलांची झुंबरं लटकतात. मोठ्या नूतनीकरणाचा आराखडा आला तेव्हा या झाडांसाठी काही मुंबईकर महिला पालिकेच्या पायऱ्या झिजवत राहिल्या, म्हणून आज तिथे सावली आहे. वाघ दुसऱ्या शहरातून आणता येतो. दीडशे वर्षांची गोरखचिंच कुठल्या उद्यानातून मागवणार?

हे व्याख्यान मी देत होतो आणि आत्या एकटक वर पाहत होती. मग ती हात जोडून उभी राहिली.

समोर कैलासपती होता. या झाडाला फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत. ती थेट खोडातून निघालेल्या दोरखंडासारख्या देठांवर येतात. पाकळ्या गुलाबी-केशरी, जाड, मेणचट. आत मधोमध पांढुरकी पिंडी आणि तिच्यावर केसरांची फणी वाकलेली, थेट नागाची फडी. शेजारी तोफगोळ्याएवढी तपकिरी फळं लोंबत होती. फळ पिकून फुटलं की दुर्गंधी सुटते, पण फुलाला वास असा की बायकोने रुद्राक्षाची माळ पुन्हा बाहेर काढली.

"आज महाशिवरात्र," आत्या एवढंच म्हणाली आणि पुढे झाली.

"आजी, फुलं तोडायची नाहीत हां!" झाडाजवळच्या सुरक्षारक्षक बाईंनी आवाज दिला.

"तोडतंय कोण? पडलेला उचलतंय."

बाई जवळ आल्या. आता वाद होणार म्हणून मी पाकिटावर हात ठेवला. पण त्यांनी आपल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. खुर्चीवर हजेरीची वही होती आणि वहीवर ओळीने मांडलेली पाच टवटवीत फुलं. "सकाळी पडलेली चांगली वेचून ठेवलीत मी," त्या म्हणाल्या. "यातलं घ्या." आत्याने एक घेतलं, कपाळाला लावलं आणि डब्यातला शेंगदाण्याचा लाडू त्यांच्या हातावर ठेवला. त्यांचाही उपास होता.

भाच्याने मोबाइलवर शोधलं. "आत्याआजी, हे झाड साउथ अमेरिकेचं आहे. पेंग्विनसारखंच."

"आसात," आत्या म्हणाली. "पण ह्येका एसी लागता काय?"

मी मुद्दा मनात नोंदवला. पेंग्विन आणि कैलासपती एकाच खंडातले पाहुणे. एकाला विमान, थंड खोली, खास मासे आणि नावावरून वाद. दुसरा भायखळ्याच्या धुरात उभा राहिला, मुंबईचं ऊन-पाणी खाल्लं, मराठी नाव घेतलं, महादेवाच्या पूजेत बसला आणि कुणाला पत्ताही लागला नाही. मुंबईत येऊन रुळणं म्हणतात ते याला.

पाहता पाहता बातमी पसरली. "इथे शंकराचं फूल मिळतंय" असं कुणीतरी म्हणालं आणि पेंग्विनकडे निघालेल्या प्रवाहाला एक फाटा फुटला. मिनिटभरात झाडापुढे रांग लागली. रक्षकबाईंनी वही छातीशी धरली आणि "एकेक, एकेक" म्हणत फुलं वाटायला घेतली. आत्या बाजूला उभी राहून रांग नीट लावत होती आणि एका आईला सांगत होती की तिच्या पोराला पुढे घे, लहान आहे. पोरगा चांगला चौदा वर्षांचा होता. गुडघ्यात वाकून आला असावा.

तेव्हा सांगायचं ते एवढंच. राणीबागेत जरूर जा. बुधवारी जाऊ नका आणि बुधवारी सुट्टी आली असेल तर गुरुवारी जाऊ नका. आत्या बरोबर असल्यास पन्नास रुपये वेगळे काढून ठेवा. पेंग्विन पाहा, मुलं तुमचं ऐकणार नाहीतच. वाघ दिसला तर नशीब, नाही दिसला तर त्याचं नशीब. पण परतताना मधल्या वाटेने या आणि मान वर करून चाला. झाडांचं वेगळं तिकीट अजून नाही. ही गोष्ट पालिकेच्या लक्षात येण्याआधी जाऊन या.